हरणांच्या सीडब्ल्यूडी रोगासाठी सरकारी पैसा : कुठे जातो, कुठे अडतो आणि कशावर खर्च व्हायला हवा

प्रश्न असा आहे : अमेरिकेत हरणांना आणि एल्कना होणाऱ्या सीडब्ल्यूडी या रोगासाठी केंद्र सरकारने वर्षाला ७ कोटी डॉलरचा कायदा केला, तरी रोग नव्या नव्या राज्यांत सापडतोच आहे. मग हा पैसा जातो कुठे? आणि आणखी दिला तर काही फरक पडेल का?

आधी थेट उत्तर देतो. ७ कोटी हा कायद्याच्या कागदावरचा आकडा आहे, तेवढे पैसे तिजोरीतून कधीच निघालेले नाहीत. आणि जे निघतात ते बहुतेक वेळा वरातीमागून घोडं अशा पद्धतीने येतात : रोग सापडल्यावर, एकेका वर्षाच्या हप्त्याने. हा रोग मात्र दोन-दोन वर्षं लपून राहतो आणि दशकांच्या हिशेबाने पसरतो. रक्कम वाढायला हवीच, पण ती कधी पोहोचते आणि किती वर्षं टिकते यावर निकाल जास्त अवलंबून असतो.

रोगाचा स्वभाव कळल्याशिवाय खर्चाचं गणित कळत नाही, म्हणून आधी तेवढं. सीडब्ल्यूडी म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, जनावराला हळूहळू झिजवणारा रोग. तो सारंग कुळात होतो, म्हणजे दरवर्षी शिंगं गाळणाऱ्या खऱ्या हरणांत : अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं हरीण, म्यूल डिअर, एल्क, मूस, रेनडिअर. काळवीट, चिंकारा हे कुरंग कुळातले प्राणी वेगळे. १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्या एका संशोधन केंद्रात पाळलेल्या म्यूल डिअरमध्ये तो प्रथम लक्षात आला. १९७८ मध्ये पशुवैद्यक एलिझाबेथ विल्यम्स यांनी मेंदूचे छेद पाहून तो मेंढ्यांच्या स्क्रेपी रोगाच्या जातीचा असल्याचं ओळखलं, आणि १९८१ मध्ये तो रानातल्या एल्कमध्ये सापडला. कारण आहे प्रायॉन, म्हणजे चुकीची घडी पडलेलं प्रथिन. त्यात जनुकीय द्रव्य नसतं. त्यामुळे प्रतिजैविकं निरुपयोगी, उकळून तो मरत नाही, आणि अजून लसही नाही. लागण झालेलं हरीण साधारण दीड-दोन वर्षं धडधाकट दिसतं आणि त्यातले कित्येक महिने लाळ, मूत्र, लेंड्यांतून प्रायॉन सोडत फिरतं. जमिनीत, विशेषतः चिकणमातीला चिकटून, प्रायॉन वर्षानुवर्षं टिकतो. लागण झालेला प्राणी वाचत नाही.

या स्वभावातून खर्चाचे दोन नियम निघतात. एक, डोळ्यांना आजारी हरीण दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेलाच असतो. दोन, माती दूषित झाल्यानंतर हरणं कमी करूनही रोग जात नाही, म्हणून सुरुवातीच्या काळात खर्च केलेला पैसा नंतरच्या कितीतरी पट पैशाचं काम करतो.

आता पैसा येतो कुठून? भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि वन्यजीवांचा खर्च मुख्यतः सरकारी अंदाजपत्रकातून होतो, म्हणून ही व्यवस्था आपल्या वाचकांना अनोळखी वाटेल. अमेरिकेत रानातली हरणं राज्यांच्या अखत्यारीत येतात आणि राज्याच्या वन्यजीव खात्याचा मोठा आधार म्हणजे शिकाऱ्यांच्या परवान्याचं शुल्क. त्याच्या जोडीला १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा : रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के, पिस्तुलांवर १० टक्के अबकारी कर, जो केंद्र गोळा करतं आणि राज्यांचं क्षेत्रफळ व परवानाधारकांची संख्या पाहून वाटतं. त्यातून मंजूर कामाच्या खर्चाचे ७५ टक्के केंद्राकडून मिळतात, २५ टक्के राज्याने घालायचे.

यातच एक वाईट फेरा आहे. रोग सापडला की काही लोक शिकार सोडतात. विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये रोग सापडला, त्याच वर्षी हरणांच्या शिकार परवान्यांची विक्री सुमारे १० टक्क्यांनी घसरली. परवाने घटले की खात्याचं उत्पन्न घटतं, नेमकं तेव्हाच जेव्हा चाचण्यांचा खर्च वाढलेला असतो. आणि हरणांची संख्या आटोक्यात ठेवणारे व नमुने आणून देणारे हातही तेच, शिकाऱ्यांचे. म्हणून रोगाचा खर्च परवाना शुल्कावर टाकणं मला तत्त्वतःच चुकीचं वाटतं. तो राज्याच्या सर्वसाधारण महसुलातून किंवा केंद्राकडून यायला हवा.

केंद्राचा इतिहास चढ-उताराचा आहे. ब्रिटनमधल्या मॅड काऊ रोगाची (हाही प्रायॉनचाच, गुरांतून माणसाला लागलेला रोग) भीती ताजी असताना, २००१ पासून, कृषी खात्याने आणीबाणीचा निधी काढला आणि पुढची काही वर्षं राज्यांना तपासणीसाठी बऱ्यापैकी पैसे मिळाले. भीती ओसरली, आणि २०१२ च्या सुमारास हा ओघ जवळपास आटला. त्याबरोबर अनेक राज्यांनी तपासणी आखडली. रोग कमी झाला म्हणून हा निर्णय झाला नव्हता, बातमी जुनी झाली म्हणून झाला. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये सीडब्ल्यूडी संशोधन व व्यवस्थापन कायदा झाला. त्यात २०२३ ते २०२८ या आर्थिक वर्षांसाठी दरवर्षी ३.५ कोटी डॉलर संशोधनाला आणि ३.५ कोटी व्यवस्थापनाला, असे ७ कोटी अधिकृत केले. अधिकृत करणं म्हणजे ‘एवढे देता येतील’ अशी परवानगी. प्रत्यक्ष पैसे वार्षिक विनियोजनातून निघतात आणि ते या मर्यादेच्या बरेच खाली राहिले आहेत. बातम्या वाचताना हा फरक लक्षात ठेवावा.

शिवाय वेळेचा मेळ बसत नाही. केंद्राचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि अंदाजपत्रक अनेकदा महिनोन् महिने लांबतं. हरणांच्या शिकारीचा मुख्य हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर. नमुने त्या तीन-चार महिन्यांतच मिळतात. केंद्राचा राज्याशी निधीचा करार मार्चमध्ये सही होऊन आला तर हंगामी माणसं नेमायला, डीप फ्रीझर घ्यायला, प्रयोगशाळेशी दर ठरवायला पुढच्या हंगामाची वाट पाहावी लागते आणि तोवर कराराची मुदत संपत येते. त्यामुळे एक वर्षाच्या करारापेक्षा निम्म्या रकमेचा तीन वर्षांचा करार प्रत्यक्षात जास्त काम करतो. निवडायची वेळ आली तर दुसराच घ्यावा.

या पैशातून पहिलं काम कोणतं, तर रोग नाही असं वाटणाऱ्या भागात त्याला शोधणं. इथे आकडेमोड साधी आहे आणि तरीही सर्वात जास्त चुका इथेच होतात. एखाद्या भागातल्या १ टक्का हरणांना रोग असेल तर तो ९५ टक्के खात्रीने सापडण्यासाठी सुमारे ३०० नमुने लागतात. अर्ध्या टक्क्यासाठी ६००, पाच टक्क्यांसाठी ६०. तोंडी हिशेब : ३ ला अपेक्षित प्रमाणाने भागायचं. पण हे ३०० नमुने एका भागाचे, म्हणजे एका जिल्ह्याचे किंवा एका कळपसमूहाचे हवेत. राज्यभरातून ३०० गोळा करून ‘आमच्याकडे रोग नाही’ म्हणणं ही स्वतःची फसवणूक आहे. आर्कान्सामध्ये १९९८ पासून चाचण्या चालू होत्या आणि हजारो हरणं तपासून झाली होती. २०१६ च्या सुरुवातीला न्यूटन काउंटीतल्या (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) एका एल्कमध्ये रोग सापडला. मग त्याच भागात मुद्दाम २६६ हरणं तपासली, तर ६२ बाधित निघाली, म्हणजे २३ टक्के. एवढं प्रमाण एका-दोन वर्षांत होत नाही. रोग तिथे कितीतरी वर्षं मुक्काम ठोकून होता.

नमुन्यांची निवडही बघावी लागते. सगळी हरणं सारखी माहिती देत नाहीत. प्रौढ नरांमध्ये प्रादुर्भाव माद्यांच्या साधारण दुप्पट असतो आणि वर्षाच्या आतल्या पाडसांत तो फार क्वचित सापडतो. हाडं दिसणारं, लाळ गाळणारं, माणसाला न बुजणारं प्रौढ हरीण सर्वात मोलाचं, त्याखालोखाल रस्त्यावर गाडीखाली आलेलं प्रौढ. त्यामुळे पैसा तोकडा असेल तर पाडसं तपासण्यात घालवू नये. रस्ते खात्याच्या लोकांना आणि मुंडकी भरून देणाऱ्या कारागिरांना प्रत्येक प्रौढ डोक्यामागे थोडे पैसे द्यावेत. मोठ्या शिंगांचे नर त्या कारागिरांकडेच येतात.

नमुना म्हणजे काय? घशाच्या मागच्या बाजूला दोन्ही कडेला असलेल्या लसिका ग्रंथी, साधारण सुपारीएवढ्या, आणि मेंदूच्या बुंध्याचा ओबेक्स हा छोटा भाग. पांढऱ्या शेपटीच्या हरणात प्रायॉन आधी ग्रंथींत दिसतो, त्यामुळे नुसत्या ग्रंथी चालतात. एल्कमध्ये काही प्राण्यांत ग्रंथी स्वच्छ आणि मेंदू बाधित असं होतं, म्हणून तिथे दोन्ही घ्यावं. एका बाजूची ग्रंथी ताजी गोठवून एलायझा या प्राथमिक प्रयोगशाळा चाचणीला द्यायची. दुसरी १० टक्के फॉर्मलिनमध्ये, ऊतीच्या दहा पट द्रावणात ठेवायची, कारण एलायझात शंका आली तर खात्री सूक्ष्मदर्शकाखालच्या प्रतिपिंड-रंजन चाचणीने करतात. अंतिम शिक्कामोर्तब आयोवातल्या एम्स इथल्या राष्ट्रीय पशुवैद्यक प्रयोगशाळेत होतं. मेंदूचा नमुना फॉर्मलिनसाठी असेल तर डोकं गोठवू नये, बर्फात थंड ठेवावं. गोठून वितळलेल्या मेंदूचा लगदा होतो आणि ओबेक्स ओळखू येत नाही.

चुका ठरलेल्या आहेत. नवखा माणूस ग्रंथी म्हणून लाळेची ग्रंथी कापून देतो, आणि प्रयोगशाळा ‘अयोग्य ऊती’ शेरा मारून परत पाठवते. मान डोक्याच्या फार जवळ कापली जाते आणि ग्रंथी धडाकडेच राहतात. म्हणून शिकाऱ्यांना किमान चार बोटं मान डोक्यासोबत ठेवायला सांगावं. रक्ताने चिठ्ठी वाचता येत नाही. त्यासाठी पेन्सिलीने लिहायची जलरोधक चिठ्ठी वेगळ्या छोट्या पिशवीत, आणि तिचाच क्रमांक डोक्याला बांधलेल्या पट्टीवर. सर्वात महागडी चूक म्हणजे ठिकाणाच्या रकान्यात फक्त काउंटीचं नाव. नमुना बाधित निघाला की पुढची सगळी कारवाई दोन-तीन किलोमीटरच्या वर्तुळात करायची असते. वर्तुळाचा मध्यच माहीत नसेल तर तो नमुना जवळपास वाया गेला. दोन ओळींचा अर्ज आणि नकाशावर एक खूण, एवढ्याने हे टळतं.

आणखी एक : अहवालात ‘रोगमुक्त’ लिहू नये, ‘आढळला नाही’ लिहावं. लागणीच्या पहिल्या महिन्यांत चाचणी नकारार्थी येऊ शकते.

रोग सापडल्यावर काय करायचं, याचे तीन नमुने इतिहासात आहेत. न्यूयॉर्कमध्ये २००५ च्या वसंतात ओनायडा काउंटीत दोन बंदिस्त कळपांत आणि मग जवळच्या दोन रानटी हरणांत रोग सापडला. खात्याने लगेच आसपासची सुमारे ३०० रानटी हरणं मारून तपासली, मृतदेहांच्या ने-आणीवर बंधन घातलं, चारा टाकण्यावरची बंदी कडक केली आणि पुढची अनेक वर्षं तपासणी सोडली नाही. त्या भागातल्या रानटी हरणांत रोग पुन्हा सापडला नाही. तिथे तपासणीची यंत्रणा आधीच उभी होती, म्हणून हे जमलं. तहान लागल्यावर विहीर खणली नाही.

दुसरा नमुना विस्कॉन्सिन. फेब्रुवारी २००२ मध्ये रोग कळला आणि राज्याने सुमारे ४११ चौरस मैलांच्या पट्ट्यातली सगळी हरणं संपवण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं. रोग तिथे आधीच वर्षानुवर्षं रुजला होता. जमीन खासगी होती आणि मालकांनी दारं लावून घेतली. डझनांनी हरणं मारून मांस फेकायला शिकारी तयार नव्हते. कचरा भरावाच्या मालकांनी दायित्वाच्या भीतीने मृतदेह घ्यायला नकार दिला. उद्दिष्ट फसल्यावर राजकीय आधार गेला आणि २०१० च्या आराखड्यापर्यंत धोरण नियंत्रणाकडून देखरेखीकडे सरकलं. आज नैर्ऋत्य विस्कॉन्सिनच्या काही भागांत प्रौढ नरांपैकी एक-तृतीयांशाहून जास्त बाधित आहेत.

तिसरा नमुना शेजारच्या इलिनॉयचा, आणि तोच मला सर्वात शिकण्याजोगा वाटतो. तिथेही रोग २००२ मध्येच सापडला. त्यांनी संपवण्याची घोषणा केली नाही. दर हिवाळ्यात, शिकारीचा हंगाम संपल्यावर, खात्याचे नेमबाज ज्या ठिकाणी बाधित हरणं सापडली त्याच्या आसपासची हरणं टिपत राहिले. माद्या आपल्या आया-बहिणींच्या गटात थोड्याच परिसरात राहतात, त्यामुळे एका बाधित मादीच्या शेजारी दुसरी असण्याची शक्यता मोठी. साधारण २०१२ पर्यंतची तुलना केली तर इलिनॉयचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास राहिलं, विस्कॉन्सिनचं मात्र हरणं टिपणं थांबवल्यावर चढत गेलं. रोग गेला नाही, पण दशकभर दाबून धरता आला. याला लागतं काय? चार-सहा नेमबाज, जमीनमालकांशी ओळख असलेला एक माणूस, मांस तपासून अन्नछत्राला देण्याची सोय आणि दर हिवाळ्याला तेवढाच निधी. एक वर्ष खंड पडला तर त्या माद्यांची पिलावळ जागा भरून काढते. यासाठीच सलग पैसा हवा.

नेमबाज परवडत नसतील तर मृतदेहांवर खर्च करावा, कारण लांबच्या उड्या रोग बहुधा माणसाच्या गाडीतून मारतो. बाधित भागातून फक्त हाडं काढलेलं मांस, साफ केलेली कवटी व शिंगं आणि कातडं बाहेर जाऊ द्यावं. डोकं आणि कणा जागीच राहावा. हा नियम पाळायचा तर शिकाऱ्याला ते टाकायला जागा हवी. विस्कॉन्सिनमध्ये स्वयंसेवी गट मोठे कचरापेटारे पुरस्कृत करतात आणि राज्य खर्चाचा वाटा उचलतं. पेटारा शिकारीच्या पहिल्या शनिवारच्या आधी ठेवला पाहिजे, झाकणाला वजन हवं, नाहीतर कोल्हे-कावळे हाडं पसरवतात. तो ज्या भरावात जाणार त्याच्याशी लेखी करार आधी करावा. साध्या शेकोटीत जाळणं धोक्याचं, कारण प्रायॉन ६०० अंशांच्या राखेतही पूर्ण नष्ट होत नाही. सुऱ्या-करवतींसाठी दोन भाग घरगुती ब्लीच आणि तीन भाग पाणी, पाच मिनिटं बुडवून. मोंटानातल्या हॅमिल्टन इथल्या प्रयोगशाळेने २०१९ मध्ये हे सिद्ध केलं. पण आधी मांस-चरबी घासून काढायला हवी, ऊतीच्या आत ब्लीच पोहोचत नाही.

चारा टाकणं बंद करायला जवळजवळ पैसा लागत नाही, राजकीय धैर्य लागतं. एका ढिगाऱ्यावर वीस तोंडं लागली की लाळ वाटली गेली. वायोमिंगमध्ये हिवाळ्यात एल्कना चारण्याची प्रथा शंभर वर्षांहून जुनी आहे, जॅक्सनचं राष्ट्रीय एल्क अभयारण्य १९१२ चं. एकदम बंद केलं तर उपाशी एल्क शेतकऱ्यांच्या गंजींवर येतात आणि गुरांना ब्रुसेलोसिस (गर्भपात घडवणारा संसर्गजन्य रोग) देण्याची भीती असते. म्हणून तिथे निधी गंजींभोवतीच्या कुंपणांवर आणि टप्प्याटप्प्याने चारण्याचे दिवस घटवण्यावर खर्च व्हायला हवा.

बंदिस्त कळपांचा पैसा वेगळ्या खात्यातून, पशुसंवर्धनाच्या बाजूने जातो. बाधित कळप मारायचा झाल्यास केंद्र मालकाला मूल्यांकनाच्या ९५ टक्के, प्रति जनावर कमाल ३,००० डॉलर, भरपाई देतं. प्रमाणित कळपाचा दर्जा पाच वर्षांच्या देखरेखीनंतर मिळतो आणि वर्षावरचं प्रत्येक मेलेलं जनावर तपासावं लागतं. भरपाई देऊन कळप गेला तरी दूषित जमिनीभोवतीचं कुंपण कोण सांभाळणार हा खर्च बहुधा कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतो. करार लिहितानाच किमान पाच वर्षांची देखभाल त्यात घालावी.

पूर्ण कळप संपवण्याची हिंमत सरकारने केली असं उदाहरण नॉर्वेचं. मार्च २०१६ मध्ये नॉर्डफ्येला भागात रानटी रेनडिअरमध्ये रोग सापडला. सरकारने २०१८ पर्यंत तिथला दोन हजारांहून जास्त रेनडिअरचा अख्खा कळप मारला. १९ बाधित निघाले. प्रमाण १ टक्क्याच्याही खाली असताना एवढा निर्णय घेतला आणि जमीन वर्षानुवर्षं रिकामी ठेवली. २०२० मध्ये शेजारच्या हार्डांगरविड्डात एक बाधित नर सापडला, म्हणजे काम तिथेच संपलं नाही. तरीही त्यांनी विकत घेतलेला वेळ अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांना मिळालेला नाही.

राज्यासाठी किंवा आदिवासी राष्ट्रासाठी (अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीच्या स्वशासनासाठी) निधीचा अर्ज लिहित असाल तर त्यात हे नक्की असू द्या : तपासणीचे भाग आणि प्रत्येकी नमुन्यांची संख्या वर दिलेल्या हिशेबाने, हंगामाच्या तीन महिने आधीपासूनची नेमणूक, चाचणीचा अहवाल शिकाऱ्याला दोन आठवड्यांत पोहोचवण्याची हमी, आणि पहिला बाधित प्राणी सापडल्यास वापरायचा राखीव निधी. शेवटच्या बाबीवर कात्री लावायचा आग्रह होतो, कारण ‘अजून काही सापडलेलं नाही’. तिथे अडून बसा. अहवालाला सहा आठवडे लागले तर शिकारी तोवर मांस खाऊन मोकळा होतो आणि पुढच्या वर्षी डोकं आणत नाही.

कोलोरॅडो, विस्कॉन्सिन, मिनेसोटा इथे राहणाऱ्या मराठी घरांत शेजारी कौतुकाने हरणाचं मांस आणून देतात, म्हणून एवढं सांगतो. माणसाला या रोगाची लागण झाल्याची खात्रीशीर नोंद आजवर नाही. तरी बाधित भागातलं मांस चाचणीचा निकाल आल्याशिवाय खाऊ नये आणि बाधित ठरलेल्या जनावराचं अजिबात खाऊ नये, असा तिथल्या आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. तपासणी झाली का, हे शेजाऱ्याला विचारायला संकोच करू नका. झाली नसेल तर डोकं टाकायची जवळची पेटी राज्याच्या वन्यजीव खात्याच्या नकाशावर सापडते, आणि अनेक राज्यांत ही चाचणी शिकाऱ्याला फुकट असते.